बोटीवरचा आवाज लांब पोचावा म्हणून



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते, इंजिनाचं काम निघालेलं असतं. याच दिवसांत आपल्या बचत गटांकडे बोटीच्या दुरुस्तीसाठी कर्जाचे अर्ज येतात. त्यात एक मागणी हमखास असते: “वायरलेसचा आवाज लांब जात नाही, जास्त ताकदीचा सेट घ्यायचाय.” कर्ज द्यायला आमची ना नाही. पण पुष्कळदा दोष सेटमध्ये नसतोच. तो अँटेनात, केबलमध्ये नाहीतर बॅटरीच्या वायरीत असतो. म्हणून अर्जावर सही करण्याआधी गटातल्या बायांनी काय काय विचारायचं, ते आज सांगणार आहोत.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी बोटी समुद्रातच होत्या. मोबाइल किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात बंद पडतो. त्यानंतर बोटीला बोलायला वायरलेसच असतो. त्यामुळे हा विषय फक्त तांडेलाचा नाही, घरी वाट बघणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपल्या बोटींवर जो व्हीएचएफ सेट असतो, त्याची लहर जवळजवळ नाकासमोर सरळ जाते. पृथ्वी मात्र गोल आहे. बंदरातून बोट लांब गेली की आधी तिचं अंग दिसेनासं होतं आणि डोलकाठीचं टोक सगळ्यात शेवटी दिसतं. अँटेनाचंही तसंच आहे. ती जितकी उंच, तितकी लांबची अँटेना तिला ‘दिसते’.

आता आकडे बघा. पाण्यापासून ४ मीटर उंच अँटेनाची नजर साधारण ८ किलोमीटर जाते. तशाच दुसऱ्या बोटीचीही ८ किलोमीटर. म्हणजे दोघींचं बोलणं साधारण १६ किलोमीटरपर्यंत होतं. दोन्ही अँटेना ९ मीटरवर नेल्या, तर तेच अंतर २५ किलोमीटरच्या आसपास जातं. किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना डोंगरावर १०० मीटर उंच असेल, तर तिची एकटीचीच नजर ४० किलोमीटर पोचते. म्हणून बोटीला दुसरी बोट ऐकू येत नाही, पण लांबचं केंद्र ऐकू येतं, असंही होतं.

मग जास्त वॉटचा सेट का नको? एक म्हणजे बोटीवरच्या व्हीएचएफ सेटला २५ वॉटची मर्यादा आहे आणि बहुतेक बसवलेले सेट तेवढ्याच ताकदीचे असतात. त्यापुढे बूस्टर लावणं बेकायदा आहे. दुसरं म्हणजे ताकद दुप्पट केली म्हणून अंतर दुप्पट होत नाही. समुद्राच्या गोलाईआड गेलेल्या बोटीला वाढीव वॉटचा फारसा उपयोग नाही. मोठ्याने ओरडलं म्हणून डोंगरापलीकडचा माणूस दिसत नाही, तसंच हे.

आता तपासणी. आधी बिनपैशाच्या गोष्टी, मग खर्चाच्या.

पहिली, सेटवरची बटणं. ‘हाय’ आणि ‘लो’ असं एक बटण असतं. ‘लो’वर सेट फक्त १ वॉटने बोलतो. बंदरात जवळ बोलताना ते लावलं जातं आणि तसंच राहून जातं. दुसरं बटण स्क्वेल्चचं. खरखर बंद व्हावी म्हणून ते फार पुढे फिरवलं, तर खरखरीबरोबर लांबची बारीक हाकही गप्प होते. खरखर जिथे नुकतीच थांबते, तिथेच ते ठेवायचं.

दुसरी, बॅटरी आणि तिच्या वायरी. “आम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं, पण आमचं कुणाला जात नाही,” अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. ऐकताना सेट थोडीच वीज घेतो, पण २५ वॉटवर बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल, टोकं गंजलेली असतील, तर तेवढी वीज पोचत नाही. खूण सोपी आहे. बोलायचं बटण दाबल्यावर सेटचा दिवा मंद होतो. बॅटरीची टोकं घासून साफ करा आणि जाड वायर थेट बॅटरीपासून घ्या.

तिसरी, जोडण्या. सगळ्यात जास्त घात इथेच होतो. अँटेनाची केबल जिथे जोडलेली असते, तिथे खारं पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं-काळं पडतं. केबल टोकाला सोलून बघा. काळी पडली असेल तर तेवढा भाग कापून नवीन कनेक्टर लावून घ्या. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते.

चौथी, केबलची जाडी. दहा मीटर बारीक केबलमध्ये सेटने दिलेल्या ताकदीचा साधारण तिसरा हिस्सा वाटेतच जिरतो. जाड केबलमध्ये याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून अँटेना उंच नेताना केबलही जाड घ्यायची आणि मधे सांधे द्यायचे नाहीत.

पाचवी, अँटेनाची जागा. ती बोटीवर सगळ्यात उंच आणि सरळ उभी हवी. कलली, वाकली की आवाज कमी होतो. लोखंडी खांबाला किंवा तारांना चिकटवून बांधू नका, मीटरभर तरी लांब ठेवा. पांढऱ्या दांडीला तडा गेला असेल तर आत पाणी जातं. मग ती बदलावीच लागते.

सहावी, केबिनमधले दिवे. काही स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर या सेटमध्ये खरखर पेरतात. सेट चालू ठेवून एकेक दिवा लावून बघा. ज्या दिव्याने खरखर वाढते, तो बदला.

हे सगळं झाल्यावर मेकॅनिककडून मीटर लावून एसडब्ल्यूआर तपासून घ्या. आकडा दीडच्या आत असेल तर उत्तम. तीनच्या वर गेला तर अँटेना किंवा केबलमध्ये नक्की दोष आहे. प्रत्येक बोटीसाठी मेकॅनिकला वेगळं बोलवायचं कारण नाही. तीन-चार गटांनी मिळून जुलैत एक दिवस ठरवावा, बंदरावरच्या सगळ्या बोटी एकदम तपासून होतात आणि खर्चही वाटला जातो.

दोन सावधगिरीच्या सूचना. अँटेना जोडलेली नसताना बोलायचं बटण दाबायचं नाही, सेट जळू शकतो. आणि किनाऱ्यावर अँटेना किंवा काठी उभी करताना डोक्यावर विजेची तार नाही ना, हे आधी बघायचं.

आता बोलण्याबद्दल. चॅनेल १६ हे संकटाचं आणि हाक मारायचं चॅनेल आहे. त्यावर गप्पा नकोत. या सेटवर दोघं एकदम बोलले तर जोरदार आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो. जवळच्या बोटीवर भावाची चर्चा चालली असेल, तर लांबून मदत मागणाऱ्याचा आवाज तिच्याखाली बुडतो. संकटात ‘मेडे’ तीनदा म्हणायचं, मग बोटीचं नाव, जीपीएसवरचं ठिकाण, काय झालंय आणि बोटीवर किती माणसं आहेत, ते सावकाश सांगायचं. बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द तुटतो.

दुसऱ्या कुणाची अशी हाक ऐकू आली आणि तिला कुणीच उत्तर देत नसेल, तर ऐकणाऱ्या बोटीने ‘मेडे रिले’ म्हणून ती पुढे सांगायची. बुडत्या बोटीचा आवाज १६ किलोमीटर जात असेल, तर मधल्या बोटीमुळे तो तीसपर्यंत जातो. म्हणून चॅनेल १६ चालू ठेवणं हेही दुसऱ्याच्या आवाजाला बळ देणंच आहे.

आपण किनाऱ्यावर काय करायचं? गटाच्या वहीत प्रत्येक बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, रंग, खलाशांची संख्या आणि ती कुठल्या भागात गेली, हे लिहून ठेवायचं. बोट ठरल्या वेळी आली नाही तर १५५४ या क्रमांकावर भारतीय तटरक्षक दलाला फोन करायचा आणि वहीतली माहिती वाचून दाखवायची.

तेव्हा मैत्रिणींनो, नव्या सेटसाठी अर्ज आला तर आधी विचारा: अँटेना किती उंच आहे? केबल कधी बदलली? बोलताना दिवा मंद होतो का? याची उत्तरं मिळाल्यावरही सेटच खराब निघाला, तर कर्ज जरूर द्या. सोबत दूरसंचार विभागाचा परवाना आहे ना, तेही बघा. जुलैच्या बैठकीत हा विषय घ्या आणि १ ऑगस्टला बोटी निघायच्या आत काम उरका.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.