फाइलीचें नांव आणि तिचा ठसा

संगणकावर उतरवून घ्यावयाच्या फाइलीचें नांव म्हणजे तिची ओळख नव्हे, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांच्या अद्यापि ध्यानीं आलेली नाहीं. नांव काय, कोणासही देतां येतें!

२० फेब्रुवारी २०१६ रोजीं 'लिनक्स मिंट' या प्रणालीच्या संकेतस्थळांत कोणी चोरून शिरलें, आणि १७.३ आवृत्तीच्या 'सिनॅमन' प्रकाराचा दुवा त्यानें भलत्याच ठिकाणाकडे वळविला. तेथील फाइलींत चोरदरवाजा ठेविलेला होता. त्या दिवशीं ती उतरवून घेणारांस संशय यावा असें वरून कांहींच दिसत नव्हतें. प्रमुख चालक क्लेमां लफेव्र यांनीं लागलीच हा प्रकार जाहीर केला, व खऱ्या फाइलींचे ठसे देऊन, आपापली फाइल त्यांशीं ताडून पाहावी, असें कळविलें.

हा ठसा म्हणजे 'हॅश'. फाइल कितीही मोठी असो, तिच्यांतील अक्षरन् अक्षर ठराविक गणितांतून गेल्यावर शेवटीं एक आखूड संख्या हातीं येते. सांप्रत रूढ असलेल्या 'शा-२५६' रीतीनें ती ६४ चिन्हांत लिहितात. मूळांत एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार पालटतो. पद, क्रम, जटा, घन या पाठांनीं वैदिकांनीं संहिता अक्षरशः राखली, त्याची येथें आठवण होते. मात्र घनपाठी चूक कोठें झाली तें दाखवितो. हॅश 'ही ती नव्हे' एवढेंच सांगतो.

मिंटनें तेव्हां दिलेले ठसे 'एमडी५' या जुन्या रीतीचे होते. वांग श्याओयुन या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालींच त्या रीतीनें दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा काढून दाखविला होता. तेव्हां ती रीत आतां टाकावी हेंच बरें.

शिवाय, ज्यानें फाइल पालटली तो शेजारचा ठसाही पालटूं शकेल, त्याचें काय? 'डेबियन' मंडळींची युक्ति मला फार पसंत आहे. प्रत्येक पॅकेजाचा ठसा एका यादींत. त्या यादीचा ठसा 'रिलीज' नामक फाइलींत. आणि तिच्यावर मंडळाची अंकीय स्वाक्षरी. ती संगणक स्वतःच तपासतो.

विंडोजवर हें काम आपणच करावें लागतें. त्यासाठीं 'सर्टयुटिल' ही आज्ञा आहे. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात, त्यावर तरी आळस करूं नये. पहिलीं चार व शेवटचीं चार चिन्हें जुळलीं कीं झालें, असेंही समजूं नये. घरांत शाळकरी मूल असेल तर त्यास तीं ६४ चिन्हें मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि आपण पडद्यावर ताडीत जावें.