झटका मशीनची बॅटरी उतरल्याचे सांगणारा लाल दिवा

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांना रोही आणि रानडुकरांचा मोठा उपद्रव होतो. त्यासाठी बरेच शेतकरी बंधू १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सौर झटका मशीन वापरतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवस आभाळ राहिले की पॅनल बॅटरी भरू शकत नाही. मशीन बंद पडते रात्री आणि कळते सकाळी, पीक तुडवले गेल्यावर. शिवाय वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचा कठीण थर धरतो व बॅटरी लवकर निकामी होते.

काही तास विश्रांती दिलेल्या, पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. निम्मी उतरल्यावर तो १२.२ च्या आसपास येतो. म्हणून १२.० व्होल्टला दिवा लागावा असे ठेवावे.

सर्किटसाठी एलएम ३९३ ही आयसी घ्यावी. ती दोन दाबांची तुलना करते. पाय ८ धन पट्टीस व पाय ४ ऋण पट्टीस जोडावा. धन पट्टीपासून १ किलोओहम रेझिस्टर व त्यापुढे ५.१ व्होल्टचा झेनर ऋण पट्टीकडे लावावा. झेनरची काळी रेघ रेझिस्टरकडे असावी. या जोडावरून पाय २ ला तार द्यावी. दुसरीकडे धन पट्टीपासून १० किलोओहम, २.२ किलोओहमचा प्रिसेट व ६.८ किलोओहम असे ओळीने ऋण पट्टीपर्यंत जोडून प्रिसेटचा मधला पाय आयसीच्या पाय ३ ला न्यावा. धन पट्टी, २.२ किलोओहम, लाल एलईडी आणि पाय १ असा दिव्याचा मार्ग ठेवावा. धन पट्टी व पाय १ यांमध्ये आणखी एक १० किलोओहम लावावा. न वापरलेले पाय ५ व ६ ऋण पट्टीस जोडावेत. बॅटरीच्या धन टोकाजवळ अर्ध्या अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा.

दिवा मुळीच लागत नसेल तर आधी एलईडीचा मार्ग पाहावा. ही आयसी स्वतः धन दाब देत नाही, फक्त ऋणाकडे ओढते. त्यामुळे पाय १ व ऋण पट्टी यांमध्ये लावलेला एलईडी बॅटरी उतरल्यावर लागणार नाही. मल्टिमीटरने पाय २ वर ५ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला पाहिजे. तेथे ०.७ दिसल्यास झेनर उलटा लागला आहे.

खरी डोकेदुखी पुढची आहे. मशीनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दिवाही लुकलुकतो. ठोक्याच्या क्षणी मशीन जास्त प्रवाह ओढते व दाब क्षणभर खाली येतो. पाय ३ व ऋण पट्टी यांमध्ये १०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावावा. एवढ्यावरही सीमेवर दिवा लागबंद होत राहतो. म्हणून पाय १ व ३ यांमध्ये ४७० किलोओहम जोडावा. मग १२.० ला लागलेला दिवा दाब सुमारे पाव व्होल्ट वाढल्याशिवाय विझत नाही.

तरीही दिवा लवकर लागत असल्यास सर्किटला दोष देऊ नये. बहुधा त्याच्या तारा मशीनच्या टोकांवरून घेतलेल्या असतात. बारीक तार व पांढरी भुकटी धरलेले टर्मिनल यांत दाब वाटेतच घटतो. तारा थेट बॅटरीच्या टोकांवरून घ्याव्यात व टर्मिनल घासून व्हॅसलीन लावावे.

दाब ठरवण्यासाठी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातील कमी-जास्त होणारा पुरवठा वापरावा. १२.५ वरून हळूहळू १२.० वर यावे आणि तेथे दिवा लागेल असा प्रिसेट फिरवावा.

हे सर्किट ८ ते ९ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला सुमारे ०.२ अँपिअर-तास घेते. पॅनल चालू असताना ते जाणवत नाही. परंतु हंगामानंतर ७ अँपिअर-तासांची बॅटरी तशीच जोडून ठेवल्यास महिनाभरात ती जवळजवळ रिकामी होईल. त्यासाठी एक बटण ठेवावे. जोडणी करताना मशीन बंद असावे आणि कुंपणाची तार वा अर्थिंग या सर्किटला जोडू नये. कुंपणात घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. तो माणसांचाही जीव घेतो व गुन्हाही आहे.