पहारा आणि निद्रा

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दमलेल्या माणसाला झोप कोठेही लागते, हा तिचा अर्थ. परंतु ती पहाऱ्यावरील जवानाला लागली, तर १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे तो अपराध ठरतो. मग प्रश्न असा, की झोप केवळ निश्चयाने आवरता येते काय?

शरीरशास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सात-आठ तास निद्रा लागते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची दक्षता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. दोन तास पहारा आणि चार तास विसावा ही जुनी लष्करी वहिवाट याच अनुभवातून आली. एका जागेसाठी तीन माणसे नेमतात, ती त्याच हिशेबाने. तरीही असे झोपेचे तुकडे एखाद्या रात्रीपुरतेच पुरतात. आठवडेच्या आठवडे नव्हेत.

२०१७ साली अमेरिकी आरमाराच्या ‘फिट्झजेराल्ड’ आणि ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौका व्यापारी जहाजांवर आदळल्या; एक मध्यरात्रीनंतर, दुसरी पहाटे. १७ नौसैनिक प्राणांस मुकले. चौकशीत इतर चुकांबरोबर जागरणाचा शिणवटाही पुढे आला. त्यानंतर प्रत्येकाची पाळी रोज ठरावीक वेळी यावी व झोपेची वेळ राखली जावी, असे ठरविण्यात आले.

तेव्हा विश्रांती ही जवानावर केलेली मेहेरबानी नव्हे. ते पहाऱ्याचेच अंग आहे. झोपलेल्याला शिक्षा फर्मावण्यापूर्वी, त्याला झोपेची सवड दिली होती काय, हेही वरिष्ठाला विचारले पाहिजे.