मनी प्लांटची पानं पिवळी पडताहेत? आधी पाणी थांबवा!

पावसाळा सुरू झाला की खिडकीतल्या मनी प्लांटची पानं एकेक करून पिवळी पडू लागतात. वेल सुकतोय असं वाटून घरातला प्रत्येक जण त्याला पाणी घालतो आणि पानगळ आणखी वाढते. कारण घरातला मनी प्लांट तहानेने क्वचितच मरतो, बहुतेक वेळा तो जास्त पाण्याने मरतो. असं का होतं, समजून घेऊया.

जास्त पाण्याने काय होतं?
मुळांनाही ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. कुंडी सतत ओली राहिली की ही पोकळी पाण्याने भरते आणि मुळं कुजू लागतात. कुजलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पानं मलूल दिसतात. पावसाळ्यात ऊन कमी आणि हवा दमट, त्यामुळे माती वाळायलाही वेळ लागतो.

मग पाणी कधी घालायचं?
वार ठरवून नको. बोट मातीत घालून बघा. दोन पेरं खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. कुंडीला खाली भोक हवंच. बशीत जमलेलं पाणी ओतून टाका.

बाटलीत लावलाय? मग हे वाचाच
डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. म्हणूनच महापालिकांच्या डासविरोधी सूचनांमध्ये मनी प्लांटच्या बाटलीचा उल्लेख असतो. पाणी कमी झालं म्हणून वरून भर घालणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा सगळं पाणी बदला आणि बाटली आतून ब्रशने घासा, कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

उजेड किती हवा?
हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. जंगलात तो मोठ्या झाडांच्या आधाराने वर चढतो. त्यामुळे त्याला थेट ऊन नको, पण उजेड हवा. कोपऱ्यात अंधार असेल तर दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि नव्या पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे कमी होतात. कडक उन्हात पानं करपतात.

कुजलेला वेल वाचेल का?
वेल कुंडीतून काढा. काळी, लिबलिबीत मुळं कापून टाका आणि उरलेला वेल कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा. सगळीच मुळं गेली असतील तर वरचा हिरवा भाग कापून घ्या. पान जिथून फुटतं, त्या पेराच्या थोडं खाली कापा. नवी मुळं तिथूनच फुटतात.

मुलं, मांजर असेल तर...
मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडात जळजळ होते, लाळ गळते, उलटीही होऊ शकते. घरात रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा आणि खाली लोंबणारे शेंडे वेळीच छाटा. छाटल्यावर वेलाला नवे फुटवे येतात, तो भरगच्चही दिसतो.