गाडी तीच, इंजिन दुसरे

वैशाखातील दुपार, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि नागपूरहून निघून राजनांदगाव, दुर्ग मागे टाकीत भिलाईकडे येणारी एखादी जुनी मोटार. रेडिएटरमधील पाणी कधीच आटलेले असते. घर आता जवळच आहे, या भरवशावर चालक गाडी तशीच दामटतो. शेवटी एक कर्कश घरघर होते आणि इंजिन जागच्या जागी आवळून बसते. कारागिराच्या भाषेत 'इंजिन सीझ झाले'. मालकापुढे मग प्रश्न उभा राहतो, तो असा: गाडी मोडीत काढावी, आहे तेच इंजिन पुन्हा बांधावे, की दुसऱ्या जातीचे एखादे वापरलेले इंजिन आणून तिच्यात बसवावे?

उत्तर शोधण्यापूर्वी इंजिन मरते म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. इंजिनाचा ठोकळा बहुधा बिडाचा असतो. बीड म्हणजे काय, हे भिलाईच्या रहिवाशाला सांगावयास नको. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराने येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीतून निघणारे कच्चे लोखंड हाच बिडाच्या ओतकामाचा मूळ माल. बीड कठीण असते, झीज सोसते. पण ते ठिसूळही असते. त्याच्या नळकांड्यात वरखाली होणारा दट्ट्या मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. थंडाव्याचे पाणी संपले, की दट्ट्या फुगतो, तेल पातळ होऊन त्याचा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला चिकटतो. कधी वरचे झाकण, म्हणजे हेड, वाकडे होते. कधी ठोकळ्यालाच तडा जातो.

नुकसान एवढ्यावर थांबले असेल, की नळकांडी खरडून मोठी करावी, जाड पिस्टन घालावेत किंवा नवे स्लीव्ह ठोकावेत, क्रँक घासून घ्यावा, हा सरळ मार्ग आहे. गाडी जुनी असली तरी इंजिन तिचे तेच राहते. ठोकळाच फुटला किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर मात्र दुसऱ्या इंजिनाचा विचार करणे भाग पडते.

आपल्या देशात ही वेळ पुष्कळांवर आली, त्याला इतिहास आहे. परदेशी सुट्या भागांची नुसती जुळणी न करता येथेच गाड्या घडविल्या पाहिजेत, हे धोरण १९५३ मध्ये ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी आपली कामे आवरली. त्यांच्या गाड्या रस्त्यावर राहिल्या. मागे उभे राहणारे कोणी उरले नाही. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढविण्याकडे लोकांचा ओढा वाढला. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सच्या परवान्याने होणारी इंजिने आणि पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे इंजिन ही अशा कामी कारागिरांच्या विशेष परिचयाची झाली.

इंजिन बदलणे ही केवळ गल्लीतील खटपट आहे, असे मात्र समजू नये. ॲम्बॅसडर गाडीचेच उदाहरण घ्यावे. १९५७ मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिच्यात बाजूच्या झडपांचे १४७६ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. लवकरच त्या जागी वरच्या झडपांचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. १९८० च्या सुमारास डिझेलची ॲम्बॅसडर निघाली आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी इसुझु जातीचे सुमारे अठराशे घन सेंटिमीटरचे इंजिन तिच्यात बसले. २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत गाडीचा चेहरा फारसा पालटला नाही, हृदय मात्र अनेकदा पालटले. पण निर्मात्याने इसुझु इंजिन बसविले, तेव्हा त्याबरोबर पाच गतींचा गिअरबॉक्सही दिला. या एका गोष्टीत सगळ्या विद्येचे सार आहे: इंजिन कधी एकटे बदलत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. इंजिन लांबीला मावले तरी त्याखालचे तेलाचे पात्र पुढच्या आडव्या तुळईवर आदळेल काय, हे आधी मोजावे लागते. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते, त्यांना कारागीर फाउंडेशन म्हणतात. ती नव्या इंजिनासाठी वेगळ्या ठिकाणी जोडावी लागतात, आणि ते जोडकाम कच्चे राहिले तर चालत्या गाडीत इंजिन सरकते.

दुसरा प्रश्न सांध्याचा. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील कवच, फ्लायव्हील आणि क्लच प्लेट ही एकमेकांना साजेशी हवीत. ती जुळत नसतील तर दोहोंमध्ये जाड पोलादी पट्टा घालतात. तो लेथवर अचूक उतरला पाहिजे. इंजिनाचा अक्ष आणि गिअरबॉक्सचा अक्ष यांत केसाएवढा फरक राहिला, तरी काही महिन्यांत क्लच आणि बेअरिंगे खलास होतात. म्हणूनच या कामात चेन कप्पीने इंजिन उचलणाऱ्या दणकट हातांइतकीच मोजपट्टी धरणाऱ्या शांत डोळ्यांची गरज असते.

तिसरा प्रश्न ताकदीचा, आणि तोच प्राणाशी गाठ घालणारा आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सात-आठ पटींनी दाबले जाते; डिझेल इंजिनात हवा विसाच्या आसपास पटींनी दाबली जाते. हा दाब सोसण्यासाठी डिझेलचे इंजिन जड घडवावे लागते आणि त्याची थरथरही अधिक असते. ते हलक्या गाडीच्या नाकावर ठेवले, की पुढच्या स्प्रिंगा दबतात, सुकाणू जड होते, आणि ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर पूर्वी कधी नसलेला भार येतो. उलट, अधिक वेगवान पेट्रोल इंजिन बसविले, तर गाडी धावते खरी, पण ती थांबविणारे ब्रेक जुन्या वेगासाठीच केलेले असतात. हमरस्त्यावर समोर ट्रक उभा असताना हा हिशेब चुकला, तर तो दुरुस्त करण्याची संधी पुन्हा मिळत नाही. इंजिनाचा खर्च मांडताना ब्रेक, स्प्रिंगा आणि रेडिएटर यांचा खर्च ज्याने धरला नाही, त्याने खर्च मांडलाच नाही.

वापरलेले इंजिन विकत घेताना रंगरंगोटीला भुलू नये. प्रत्येक नळकांड्यातील दाब मापकाने पाहावा; चारही आकडे जवळजवळ सारखे यावेत. एखादा आकडा कमी आला, तर त्या नळकांड्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर दोष झडपांचा किंवा हेडच्या गॅस्केटचा आहे. तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे, असे समजून मागे फिरावे. निळा धूर तेल जळत असल्याची खूण असतो. हे सर्व इंजिन चालू स्थितीत पाहिलेले बरे. आजच्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. त्यांचे इंजिन एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या आणि अनेक संवेदकांच्या हुकमतीत चालते. त्यांच्या तारांच्या जुडग्यासह इंजिन आणले नाही, तर ते निव्वळ लोखंडाचे ओझे ठरते.

शेवटचा प्रश्न कागदाचा. इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. म्हणून विक्रेत्याकडून पावती व मूळ गाडीचे कागद घेतल्यावाचून इंजिनाला हात लावू नये. चोरीच्या गाडीचे इंजिन निर्दोष माणसालाही चौकीची पायरी चढायला लावते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ या बाबतीत स्पष्ट आहे. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. म्हणजे त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसविणे हा सुरक्षित मार्ग होय. भिन्न जातीचे बसविण्याचा विचार असेल, तर पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी. परवानगी नसलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याची भरपाईही वादात सापडते.

मग जुन्या गाडीच्या मालकाने करावे तरी काय? ठोकळा शाबूत असेल तर तोच बांधून घ्यावा. तो फुटला असेल तर त्याच जातीचे इंजिन शोधावे. तेही न मिळाले, तर अनुमती, मोजमाप आणि ब्रेक या तीन गोष्टी ज्या क्रमाने येथे लिहिल्या आहेत, त्याच क्रमाने पाहाव्यात. या तिन्हींपैकी एक जरी साधत नसेल, तर गाडीला निरोप द्यावा. त्यात हळहळ वाटते, पण नुकसान होत नाही. मोडीतले लोखंड पोलादाच्या भट्टीत पुन्हा वितळते आणि नव्या रूपाने कामाला लागते. गाडीत बसलेल्या माणसांचे मात्र तसे नसते.