मुख शाबूत, तर बंदर शाबूत

माझी सगळी नोकरी ड्रेजरवर, गाळ उपसण्यात गेली. त्यामुळे कुठल्याही बंदरात उतरलो की नजर आधी मुखाकडे जाते. इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसीत तर ती तिथून हलेचना.

बंदर निसर्गानंच घडवलेलं. चिंचोळ्या मुखातून आत शिरलं की पाण्याला दोन फाटे फुटतात आणि त्यांच्या बेचक्यात जुनं शहर. बाहेर एड्रियाटिक कितीही खवळो, आत बोटी निवांत. रोमनांनी हे हेरलं, इ.स.पू. 244 मध्ये इथे वसाहत केली आणि रोमहून निघालेला अप्पियन मार्ग थेट इथवर आणला. ग्रीसकडे जाणाऱ्या फौजा इथूनच जहाजात चढत.

पण एकच मुख असलं की कोंडी करणंही सोपं. इ.स.पू. 49 मध्ये, रोमन यादवी युद्धात, सेनापती पॉम्पी इथे सापडला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी ज्युलियस सीझरनं दोन्ही काठांवरून मातीचे बांध घालायला घेतले. खोल पाण्यात माती ठरेना, म्हणून तीस-तीस फुटांचे चौकोनी तराफे जोडत नेले, प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना नांगर टाकले आणि वर माती पसरली. नऊ दिवसांत निम्मं काम उरकलं. तरी पॉम्पी रात्रीतून निसटलाच. बांधाला अडकलेली दोन जहाजं तेवढी सीझरच्या हाती लागली.

पुढे मुख गाळानं भरत गेलं. पंधराव्या शतकात तर शत्रू आत शिरू नये म्हणून तिथे मुद्दाम जहाज बुडवलं गेलं. आतलं पाणी साचलं, कुजलं आणि शहर मलेरियानं पोखरलं. 1770 च्या दशकात आंद्रेआ पिगोनाती या अभियंत्यानं मुख पुन्हा खोदून काढलं. तेही भरलं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा उपसावं लागलं.

ती मेहनत आपल्याही कामी आली. सुएझ कालवा खुला झाल्यावर, 1870 पासून, लंडनचं टपाल रेल्वेनं ब्रिंडिसीला आणि तिथून बोटीनं मुंबईला येऊ लागलं. पहिल्या महायुद्धापर्यंत हा क्रम चालला. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी 14 डिसेंबर 1931 रोजी ‘पिल्स्ना’ बोटीत चढले ते इथेच. 28 तारखेला ते मुंबईला उतरले.

ब्रिंडिसीला गेलात तर अप्पियन मार्गाच्या टोकाचा रोमन स्तंभ बघाच. पण धक्क्यावरून सुटणाऱ्या छोट्या बोटीनं पलीकडेही जाऊन या. बंदर काठावरून दिसतं, कळतं मात्र पाण्यातूनच.