खाजवावं की खाजवू नये?

दोस्तांनो, डास चावला की तुम्ही सगळ्यांत आधी काय करता? खरं सांगा हं! हात आपोआप तिकडे जातो आणि नखं कामाला लागतात. कराकरा खाजवलं की काय बरं वाटतं! तेवढ्यात आतून आईचा आवाज येतोच, "अरे, खाजवू नकोस, चिघळेल!" आता मला सांगा, खाजवणं इतकं वाईट असेल तर ते इतकं छान का वाटावं? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला, आणि उत्तर शोधण्यासाठी त्यांनी चक्क उंदरांच्या गळ्यात कॉलर घातल्या. ती गंमत जरा पुढे येईलच. आधी आपल्या कातडीची थोडी ओळख करून घेऊ.

आपली त्वचा म्हणजे गडाचा तट. सगळ्यांत बाहेरचा थर असतो मेलेल्या पेशींचा. कौलं रचावीत तशा या चपट्या पेशी एकावर एक बसवलेल्या, आणि त्यांच्या फटींत तेलकट पदार्थाचा गिलावा! तळहात आणि तळपाय सोडले, तर हा थर तुमच्या वहीच्या कागदाहूनही पातळ असतो. खालून नव्या पेशी वर सरकतात, जुन्या झडून जातात. साधारण महिन्याभरात वरची कातडी नवी कोरी होते.

या तटावर वस्ती आहे बरं का! कोट्यवधी जिवाणू तिथे सुखाने नांदतात. नाक मुरडू नका, त्यातले बहुतेक आपले भाडेकरू आहेत आणि भाडंही वेळेवर देतात. 'स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस' नावाचा एक जिवाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर असतो. जागा आणि खाऊ तो आधीच बळकावून बसतो, त्यामुळे परक्या जंतूंना पाय रोवायला अवघड जातं. एवढंच नाही, तर त्याच्या अंगातला एक पदार्थ जखमेभोवतीची सूज हाताबाहेर जाऊ देत नाही, असं अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांना 2009 साली आढळलं. (जाता जाता, घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतले हे भाडेकरू घामावर ताव मारतात, त्याचा तो वास!)

याच जिवाणूचा एक चुलतभाऊ मात्र जरा गुंड आहे. त्याचं नाव 'स्टॅफिलोकोकस ऑरियस'. साधारण तीन माणसांपैकी एकाच्या नाकात तो गुपचूप राहतो आणि एरवी काही त्रासही देत नाही. तटाला भगदाड पडायची तो वाट बघत असतो. गळवं, पू झालेले फोड, लहान मुलांच्या तोंडाभोवती उठणारे पिवळ्या खपल्यांचे फोड, यांत बहुतेक वेळा याचाच हात असतो. आता नाकात बोट घालून त्याच बोटाने डासाची गांधी खाजवणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं!

समजा, मैदानात पडून गुडघा खरचटला. तटाची कौलं निघाली. क्षणात तिथल्या पेशी 'धावा, धावा' असे रासायनिक निरोप धाडतात आणि जंतूंना भोकं पाडणारे छोटे छोटे पदार्थही सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती जागा लाल आणि गरम होते. मग रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज येते आणि जंतूंना गिळायला लागते. त्या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग म्हणजेच पू.

या फौजेचा शोध कसा लागला ठाऊक आहे? एका काट्यामुळे! 1882 सालच्या डिसेंबरात इल्या मेचनिकोव्ह हे शास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना गावी राहत होते. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पिल्लं बघत बसले होते. ती पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. मेचनिकोव्ह यांच्या मनात आलं, हिला काटा टोचला तर? ते बागेत गेले, गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीत खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तो काय, फिरत्या पेशींनी काट्याला चहूबाजूंनी घेराव घातलेला! पुढे 1908 साली त्यांना पॉल अर्लिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपल्या कॉलरवाल्या उंदरांकडे येऊ. ऑपरेशननंतर कुत्र्याच्या गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालतात, ती पाहिली असेल तुम्ही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डॅनियल कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कानावर खाज आणणारा पदार्थ लावला. काही उंदरांना मनसोक्त खाजवू दिलं आणि काहींना कॉलर घातली. ज्यांनी खाजवलं त्यांचे कान टम्म सुजले, पांढऱ्या पेशींनी भरले. कॉलरवाल्यांची सूज बरीच कमी. म्हणजे आईचंच खरं! खाजवल्यामुळे दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसा एक रसायन सोडतात. ते 'मास्ट' नावाच्या पेशींना भडकवतं. या पेशी म्हणजे कातडीतली दारूगोळ्याची कोठारंच. डास चावल्यावर खाज आणणारं हिस्टामाइनही यांच्याच पोटात असतं. म्हणजे खाज सुटली म्हणून खाजवायचं, आणि खाजवलं म्हणून ती जागा आणखी पेटायची.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. ज्या उंदरांनी खाजवलं, त्यांच्या कातडीवर तो गुंड ऑरियस कमी सापडला! खाजवण्याने उठलेल्या फौजेने त्यालाही झोडपलं होतं. 2025 च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. खाजवणं सुखाचं का वाटतं, याचं उत्तर कदाचित इथेच दडलेलं असेल.

लगेच आईला हा अंक दाखवायला धावू नका! एकतर हे प्रयोग उंदरांवरचे. दुसरं म्हणजे, सतत खाजवत राहिलं तर कातडीचं जे नुकसान होतं ते या फायद्यापेक्षा जास्त, असं खुद्द कॅप्लन यांचंच मत आहे. आणि तो ऑरियस भलताच लबाड. त्याचं एक पाचक द्रव्य थेट आपल्या नसांनाच खाज सुटायला लावतं, हे हार्वर्डच्या संशोधकांनी 2023 साली उंदरांतच दाखवलं. आपल्याच नखांनी तो आपला तट फोडून घेतो म्हणा ना! इसब असलेल्या मुलांना हा फेरा फार छळतो. त्यांना नुसतं 'खाजवू नकोस' म्हणून रागावणं मला तरी पटत नाही. नखं बारीक कापावीत, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच डॉक्टरांनी सांगितलेलं मलम चोळावं आणि खाज फारच उठली तर गार पाण्याची पट्टी ठेवावी. याने खरा आराम पडतो.

आणि खरचटलं तर? स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने माती काढून टाका. चुना, राख, टूथपेस्ट काही काही लावू नका. 'उघडी ठेव, वाऱ्यावर सुकू दे' असं आजी म्हणते खरी, पण 1962 साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या छोट्या जखमांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून पाहिला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली! नव्या पेशींना सरकायला ओलसर वाट लागते, कडक खपलीखालून त्यांना वळसा घालत जावं लागतं. म्हणून धुऊन झाल्यावर स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. लाली पसरत चालली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.

पालकांसाठी एक गोष्ट. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि खिळा गंजलेला नसला तरी त्याच्यावरून आत जाऊ शकतात. सरकारी लसीकरणात 10 आणि 16 व्या वर्षी या लसीचा डोस असतो. आज संध्याकाळी मुलांना शेजारी बसवून ते कार्ड जरा कपाटातून काढा बघू, आणि दोन्ही तारखा भरल्या आहेत का ते तपासा.